प्रथिनांची जुळणी

आपल्या सप्तापुरात काय किंवा साऱ्या धारवाड भागात काय, ज्वारीच्या भाकरीबरोबर झुणका, डाळ किंवा मोड आलेल्या कडधान्याची उसळ वाढण्याची रीत फार जुनी आहे. ही जोडी केवळ जिभेच्या आवडीने जमली, असे पुष्कळांस वाटते. परंतु तिच्यामागे शरीराची एक मोठी निकड उभी आहे. ती ध्यानात येण्यासाठी शरीरात प्रथिने कशी तयार होतात, हे प्रथम पाहिले पाहिजे.

आपले स्नायू, केस, नखे, रक्तातून प्राणवायू वाहून नेणारे हीमोग्लोबिन, ही सारी मुख्यत्वे प्रथिनांची घडण होय. प्रत्येक प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. या अमिनो आम्लांचे प्रकार अवघे 20. पण मोजक्या अक्षरांतून जशी सारी भाषा उभी राहते, तशी त्यांच्या निरनिराळ्या क्रमांतून हजारो प्रथिने सिद्ध होतात. हीमोग्लोबिनच्या एका रेणूत 4 साखळ्या असून त्यांत मिळून 574 अमिनो आम्ले ठरावीक क्रमाने ओवलेली असतात.

डाळीतील प्रथिन जसेच्या तसे आपल्या दंडात जाऊन बसते, अशी समजूत मात्र कोणी करून घेऊ नये. जठरात व लहान आतड्यात पाचकरस त्या साखळ्या तोडतात. सुटी झालेली अमिनो आम्ले रक्तात शोषली जातात आणि पेशीपेशीला पोचतात. तेथे नव्या जुळणीस आरंभ होतो.

या जुळणीला जुन्या छापखान्याचा दाखला चांगला लागू पडतो. मूळ हस्तलिखित कपाटात जपून ठेवावे, त्याची नक्कल जुळाऱ्याच्या हाती द्यावी, आणि त्याने खणांतून एकेक खिळा उचलून ओळ सिद्ध करावी, अशी ती पद्धत होती. पेशीच्या केंद्रकातील डी.एन.ए. हे ते मूळ हस्तलिखित. त्यातील हव्या त्या भागाची नक्कल, म्हणजे संदेशवाहक आर.एन.ए., केंद्रकाबाहेर येते. रायबोसोम नावाचा सूक्ष्म कण हा तिथला जुळारी. नकलेची लिपी 4 अक्षरांची असून तीन-तीन अक्षरांचा एक शब्द होतो. अशा 64 शब्दांपैकी 61 शब्द कोणते ना कोणते अमिनो आम्ल दर्शवितात. उरलेले 3 पूर्णविरामाचे काम करतात. दुसऱ्या एका प्रकारचे आर.एन.ए. शब्दागणिक योग्य ते अमिनो आम्ल आणून देते, रायबोसोम ते आधीच्याशी जोडतो आणि प्रत्येक सांध्यागणिक पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. मानवी पेशीत सेकंदाला सुमारे 5 अमिनो आम्ले या गतीने हे काम चालते.

ही लिपी उलगडण्यात अविभाजित भारतात जन्मलेल्या हरगोविंद खुराना यांचा मोठा वाटा होता. 1968 साली त्यांना इतर दोघांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. रायबोसोमची रचना उकलल्याबद्दल 2009 साली हाच मान ज्या तिघांना लाभला, त्यांतील वेंकटरामन रामकृष्णन हे बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. वीसपैकी 9 अमिनो आम्ले शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत. ती अन्नातूनच यावी लागतात. जुळाऱ्याच्या खणातील ‘क’ संपला, तर त्या जागी ‘ख’ बसवून भागत नाही. ओळ अडून राहते. येथेही तसेच घडते. ज्वारी, गहू व तांदूळ यांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडते. डाळी व कडधान्ये यांत लायसिन विपुल, पण मेथिओनिन अपुरे. ते धान्य पुरविते. एकीची उणीव दुसरी भरून काढते, ती अशी. चरबीप्रमाणे अमिनो आम्लांचा साठा शरीराला करता येत नाही. अन्नातून ती आली नाहीत, तर शरीर स्वतःचेच स्नायू मोडून ती मिळविते. आणि वाढत्या मुलाच्या बाबतीत हे म्हणजे घर बांधता बांधता त्याच्याच भिंतीच्या विटा काढण्यासारखे आहे.

कडधान्ये, डाळी व दूध यांतील प्रथिनांचा अभ्यास ज्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत केला, त्या कमलाबाई सोहोनी या विख्यात लेखिका दुर्गाबाई भागवत यांच्या भगिनी. स्त्री म्हणून त्यांना तेथे प्रथम प्रवेश नाकारण्यात आला होता. त्यांनी हट्ट सोडला नाही. 1933 साली प्रवेश मिळविला व पुढे 1939 साली केंब्रिजची डॉक्टरेट संपादन केली. आमच्या विद्यार्थिनींनी हे नाव अवश्य लक्षात ठेवावे.

आम्हांस पालकांना सुचवावयाचे आहे ते इतकेच: नुसता भात व लोणचे किंवा नुसती भाकरी व ठेचा यांवर मुलांची भूक भागेल, वाढ भागणार नाही. दूध, अंडी, मासळी यांत नऊही अमिनो आम्ले पुरेशी असतात. पण ती ज्यांना परवडत नाहीत किंवा चालत नाहीत, त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. दोन्ही पदार्थ एकाच घासात हवेत असेही नाही. दिवसभराच्या आहारात धान्याला डाळीची साथ मिळाली, म्हणजे पुरे. आणि विद्यार्थी मित्रहो, ताटातील उसळ बाजूला सारताना एवढे ध्यानात असू द्या, की पेशीतील तो जुळारी खिळ्यांची वाट पाहत थांबला आहे.