मोटारीस संगणक जोडतांना

मोटार आपणांस इष्ट स्थळीं नेऊन पोंचविते, एवढ्यावर मनुष्याचें समाधान कधींच झालें नाहीं. १९३० सालीं शिकागो येथील पॉल गॅल्विन यांनीं मोटारींत बसणारा रेडिओ बाजारांत आणून त्यास ‘मोटोरोला’ हें नांव दिलें. पुढें २००१ सालीं तैवानच्या व्हीआयए कंपनीनें लांबीरुंदीनें अवघा १७ सेंटिमीटर असा ‘मिनी-आयटीएक्स’ नांवाचा मदरबोर्ड पुढें आणला आणि स्वतः जुळविलेला संगणक मोटारींत बसविण्याच्या छंदास जोर आला. २०१२ सालीं ब्रिटनमध्यें तळहातावर मावणारा ‘रास्पबेरी पाय’ निघाल्यावर तर हा छंद विद्यार्थ्यांच्याहि आटोक्यांत आला.

असा संगणक नकाशा दाखवितो, गाणीं ऐकवितो आणि मागील कॅमेऱ्याचें चित्र पुढें आणतो. अमेरिकेंत १९९६ पासून नव्या मोटारींना सक्तीचा झालेला व पुढें इतरत्रहि रूढ झालेला सोळा टोंकांचा सॉकेट स्टिअरिंगखालीं असतो. त्यांतून इंजिनाचें तापमान, फेरे व बिघाडाच्या खुणाहि त्यास वाचतां येतात.

हें सर्व जुळविणें फारसें अवघड नाहीं. अवघड आहे ती वीज. घरांत भिंतींतून येणारी वीज बव्हंशीं स्थिर असते. मोटारींतील तशी नसते. ‘बारा व्होल्ट’ म्हणविणारी बॅटरी स्वस्थ असतांना सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते, इंजिन चालू झालें कीं दाब १४ च्या आसपास जातो आणि स्टार्टर फिरतांना तोच क्षणभर ९ च्याहि खालीं घसरतो. साधा संगणक अशा घसरणीबरोबर बंद पडतो. उलटपक्षीं, कांहीं प्रसंगीं दाबाची अशी उसळी येते कीं नाजूक भाग जळून जावेत. कित्येकजण इन्व्हर्टर लावून १२ चे २३० व्होल्ट करतात व संगणकाच्या पेटींत पुन्हां २३० चे १२, ५ व ३.३ करतात. हा द्राविडी प्राणायाम होय. प्रत्येक रूपांतरांत वीज वायां जाते. ६ ते ३० व्होल्टांपर्यंतचा कोणताहि दाब घेऊन स्थिर दाब देणारा, खास मोटारीकरितां केलेला डीसी पुरवठा वापरणें हाच सरळ मार्ग.

याहून महत्त्वाचा प्रश्न संगणक बंद करण्याचा आहे. किल्ली फिरवितांच वीज तोडली, तर संगणकावरील लेखन अर्धवट राहून बिघडतें. न तोडली, तर बॅटरी रिकामी होते. येथें थोडें गणित करून पाहावें. निजलेला संगणक केवळ ०.१ अँपिअर घेत असला, तरी दिवसाचे २.४ अँपिअर-तास होतात. मंडळी दहा दिवस गांवीं गेलीं, तर २४ अँपिअर-तास गेले! ४५ अँपिअर-तासांच्या बॅटरीची ही निम्म्याहून अधिक शक्ति होय. परत आल्यावर एखाद्या वृद्धास रात्रीं दवाखान्यांत न्यावयाचें असेल आणि इंजिनच सुरू होणार नसेल, तर त्या गाण्यांचा व नकाशांचा काय उपयोग? म्हणून चांगला पुरवठा किल्ली काढल्यावर कांहीं सेकंद थांबतो, संगणकास आवरण्याची सूचना देतो, त्यासाठीं पुरेसा अवधि देतो आणि शेवटीं वीज समूळ तोडतो.

उष्णतेचाहि विचार हवा. उन्हांत बंद उभ्या असलेल्या मोटारीच्या डॅशबोर्डवर ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापमान जाऊं शकतें. फिरत्या हार्ड डिस्कची कार्यमर्यादा साधारणतः ६० अंशांचीच असते, शिवाय तिला धक्केहि सोसत नाहींत. सबब एसएसडी वापरावी व पेटी आसनाखालीं, हवा खेळेल अशी ठेवावी. बॅटरीकडून येणाऱ्या तारेवर, बॅटरीच्या अगदीं जवळ, योग्य फ्यूज असलाच पाहिजे. नाहींतर तार घासून पत्र्यास टेंकल्यास आग लागण्याचें भय असतें. पडदा एअरबॅगच्या वाटेंत नसावा. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार दोन सेकंदांत सुमारें ३३ मीटर जाते. तेवढा वेळ चालकाची नजर पडद्यावर राहिली, तर तेवढें अंतर तो आंधळेपणानेंच काटतो.

२०१४-१५ पासून मोबाइल फोनच मोटारीच्या पडद्याशीं जोडण्याची सोय निघाल्यामुळें या खटाटोपाची निकड आतां उरली नाहीं, हें खरें. तरीपण जुन्या मोटारीस तो उपयोगी पडतो आणि वीज, उष्णता व यंत्र यांचें जें ज्ञान पुस्तकांत कोरडें वाटतें, तें येथें हातीं लागतें. घरांतील तरुण मंडळींनीं हा उद्योग आरंभिला, तर वडीलधाऱ्यांनीं त्यांस अवश्य उत्तेजन द्यावें. मात्र पैसे हातावर ठेवण्यापूर्वीं एकच प्रश्न विचारावा : “किल्ली काढल्यावर हा किती वीज खातो?” ज्यास याचें उत्तर आंकड्यांत देतां येईल, त्याच्या हातीं मोटार खुशाल सोंपवावी.