चाळ बांधलेलं बिऱ्हाड

सकाळी गावाबाहेरच्या माळावर काहीही नसतं. मग मालट्रक येऊन थांबतात आणि अंधार पडायच्या आत तिथे कनाती, तंबू, फळ्यांचा रंगमंच, जनरेटर, तिकीटखिडकी आणि पेटलेल्या चुली असा सारा संसार उभा राहतो. खेळ संपला की सगळं उतरवायचं, गाड्यांत भरायचं आणि पुढचं गाव गाठायचं. ढोलकीफडाचा तमाशा दसऱ्याला बाहेर पडतो तो वैशाखापर्यंत असाच फिरत राहतो.

या फिरत्या संसाराकडे बघताना मी सगळ्यात जास्त थक्क होतो ते त्यातल्या नाचणाऱ्या बाईकडे बघून. एका रात्रीत ती किती जणी होते ते पाहा. गणानंतर गौळणीत ती डोक्यावर माठ घेऊन मथुरेच्या बाजाराला निघते, वाट अडवणाऱ्या कृष्ण-पेंद्याशी भांडते. मग नऊवारी नेसून लावणीला उभी राहते. रंगबाजीत सिनेमाच्या गाण्यावर नाचते आणि शेवटच्या वगनाट्यात कधी राणी, कधी कुणाची आई होते. प्रत्येक वेळी लुगडं, दागिने, केस सगळं बदलायचं, तेही कनातीआडच्या अपुऱ्या उजेडात. पायातले घुंगरांचे चाळ तेवढे बहुतेक वेळ तसेच राहतात.

रंगमंच रोज नव्या जमिनीवर मांडला जातो. कुठली फळी दबते, कुठली वाजते हे पायाला पहिल्या काही आवर्तनांतच कळावं लागतं, कारण लावणीत पाय नुसता नाचत नाही, तो वाजतोही. ढोलकीवाल्याने तुकडा टाकला की बाईने चाळांतून उत्तर द्यायचं, मागे सुरत्ये झील धरून उभे. सवाल-जवाब किती वेळ ताणायचा हे समोरची गर्दी बघून दोघं तिथल्या तिथे ठरवतात, नजरेनेच.

वाद्यांनाही जागेशी, हवेशी असंच जुळवून घ्यावं लागतं. हिवाळ्याच्या रात्री दव पडलं की हलगीचं कातडं ओल धरतं, सैल पडतं आणि आवाज बसतो. म्हणून कनातीमागे हलगी आगीवर शेकतात. ओल उडते, कातडं ताणलं जातं आणि मघाशी भदभदणारी हलगी लख्ख कडाडायला लागते. बाईच्या पायांना मात्र असं शेकून घ्यायला उसंत नसते. जत्रेतली सुपारी असेल तर रात्रीचा तमाशा झाल्यावर दुसऱ्या दिवशी हजेरीही असते. म्हणजे उन्हात, गावकऱ्यांपुढे, पुन्हा चाळ बांधून उभं राहायचं.

या जत्रांच्या सुपाऱ्या ठरतात पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात. गुढीपाडव्याच्या सुमारास फडमालक तिथे राहुट्या टाकतात, गावोगावचे पुढारी येतात, बिदागीची घासाघीस होते आणि तारखा लागतात. कलावंत हंगामाआधीच मालकाकडून उचल घेतात आणि ती पुढे नाचून फेडतात. पावसाळ्यात फड बंद, मग कित्येक जणी शेतमजुरीला जातात.

याच नारायणगावचं नाव लावणाऱ्या तमाशा कलावंत विठाबाईंची गोष्ट तमाशात सगळ्यांना ठाऊक आहे. दिवस भरलेले असताना त्या नाचत होत्या. खेळ चालू असतानाच कळा आल्या, पडद्यामागे बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा रंगमंचावर आल्या. ही गोष्ट लोक अभिमानाने सांगतात. मला त्यात अभिमानाइतकाच संतापही वाटतो. बाळंतपणासाठीसुद्धा जिला सुट्टी मिळू नये, तिच्या कलेचं कौतुक कितीही केलं तरी थोडंच. विठाबाई 2002 साली गेल्या. राज्य शासनाचा तमाशासाठीचा जीवनगौरव पुरस्कार आज त्यांच्या नावाने दिला जातो.

पूर्वी वग पहाटेपर्यंत चालायचा. आता 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, वर्षातल्या मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळते. गावाला झोप हवी हे खरंच, पण त्यात आखडला तो वग. म्हणजे नाचणारीला अभिनय करायला जिथे सगळ्यात जास्त वाव होता, नेमकी तीच जागा.

यंदा दसऱ्यानंतर तुमच्या भागात तंबू लागला तर तिकीट काढून जा. बायकांनीही जावं, मुलांना न्यावं. ढोलकी-हलगीची सलामी झडते तेव्हाच जागा धरून बसा आणि वग संपेपर्यंत उठू नका.