हाऊ पडी जाई!

एलिमेंटरी चित्रकला परीक्षेच्या वर्गात स्मरणचित्राचा तास सुरू झाला की मुलं आधी तोंडं काढतात. विषय 'केळीची काढणी' असो की 'एसटी स्टँड', कागदावर पहिल्यांदा एक गोल उमटतो, त्यात दोन डोळे आणि खाली चंद्रकोरीसारखं हसू. मग त्या हसऱ्या तोंडाला खांबासारखं धड चिकटतं. दोन्ही हात सारखे, दोन्ही पाय सारखे आणि पावलं दहा वाजून दहा मिनिटं झाल्यासारखी. जळगावातल्या शाळेत हे असे खांब मी इतकी वर्षं तपासतोय की कधी कधी स्वप्नातही रांगेनं उभे राहतात.

यंदा सातवीतल्या एका मुलीनं केळीचा घड वाहणारा मजूर काढला. तिचं घर यावलकडचं, त्यामुळे घड असा की फण्या मोजून घ्याव्यात. माणूस मात्र प्रार्थनेला उभा. मागच्या बाकावरचा चोपड्याकडचा पोरगा डोकावला आणि म्हणाला, "सर, हाऊ पडी जाई!" म्हणजे, हा पडेल! वर्ग हसला. मुलगी हिरमुसली. मला मात्र त्या पोराची पाठ थोपटावीशी वाटली, कारण दुखणं त्यानं बरोबर ओळखलं होतं.

खडूच्या डब्यात मी गवंड्याचा ओळंबा ठेवतो. एका मुलाला पुढं बोलावून एका पायावर भार देऊन, पानटपरीवर उभं राहतात तसं, उभं केलं. गळ्याच्या खळग्याशी दोरी धरली आणि वजन खाली सोडलं. ते थेट भाराच्या पायापाशी उतरलं. त्या बाजूची कंबर वर चढलेली, त्याच बाजूचा खांदा उतरलेला. खांद्यांची रेघ एकीकडे कलते, कमरेची दुसरीकडे, आणि मधल्या पाठीला आपोआप बाक येतो. मुलांना सांगितलं, चेहरा राहू द्या, या तीनच रेघा काढा. तीस सेकंद, खोडरबर दप्तरात.

मग त्याच मुलाच्या उजव्या खांद्यावर गोणपाटाची घडी ठेवली आणि वर चार दप्तरं कोंबलेलं पोतं दिलं. केळीचा घड वीस-बावीस किलोचा असतो, पोतं त्याच्या निम्मंही नव्हतं, तरी गणित पार उलटलं. ओझ्याखालचा खांदा आता वर गेला. (लिओनार्दोनंही आपल्या वह्यांत हे टिपून ठेवलंय, आमच्या रावेर-सावद्याच्या मजुराला ते वही न उघडता माहीत असतं.) धड डावीकडे सरकलं, डोकं पोत्यापासून लांब कललं, गुडघे जरासे मऊ झाले. खरी गंमत डाव्या हाताची. त्याला काहीच काम नव्हतं, तरी तो अंगापासून सुटून बाहेर आला आणि बोटं फाकली. तोल आता एकट्या पोराचा राहिला नव्हता, पोरगा आणि पोतं दोघांचा मिळून होता, आणि ओळंबा धरायचा तो त्या दोघांचा.

हे मीही उशिरा शिकलो. धुळ्याला एटीडी, म्हणजे कलाशिक्षक पदविका, करत असताना रोज संध्याकाळी देवपूरला जाऊन गाडीची वाट बघणारी माणसं रेखाटायचो. सुरुवातीला नाकडोळ्यांत शिरायचो. भुवई जमेपर्यंत माणूस उठून शिरपूरच्या गाडीत बसलेला असायचा. वहीत नुसत्या भुवया साठल्या. शेवटी डोक्यापासून भाराच्या पायापर्यंत एकच सलग रेघ आधी ओढायची सवय लागली, आणि मग गाठोड्यावर मान टाकून झोपलेली म्हातारीही कागदावर श्वास घेतेय असं वाटायला लागलं. विष्णुधर्मोत्तर पुराणातलं चित्रसूत्र हीच परीक्षा सांगतं: झोपलेल्यात चेतना आणि मेलेल्यात तिचा अभाव ज्याला दाखवता येतो, तो चित्र जाणणारा. झोपलेल्याचे आणि मेलेल्याचे डोळे दोन्ही मिटलेलेच, म्हणजे फरक दाखवायचा तो मानेत आणि हातापायांच्या पडण्यात.

दिवाळीनंतर मुलांना अजिंठ्याला नेलं. जळगावहून साठेक किलोमीटर, फर्दापूरच्या टी पॉइंटला आपली गाडी सोडायची आणि पुढं तिथल्या बसनं. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी पाहून मुलं म्हणाली, "सर, हा रडतो का हसतो?" म्हटलं, तोंडावर हात धरून बघा. झुकलेले खांदे, कलती मान, कमरेतला तो त्रिभंगाचा बाक. ओठ झाकले तरी भाव जागचा हलत नाही. सतराव्या लेण्यात यशोधरा राहुलला बुद्धापुढं करते. बुद्ध प्रचंड, मायलेकरं त्याच्या पायाशी इवलीशी. पोराच्या पाठीशी असलेला आईचा हात आमच्या मुलांना मी न सांगता दिसला. "ढकलते ना ती?" एकानं विचारलं. दुसरा म्हणाला, "नाही, धरून ठेवते." वाद बसमध्येही चालू राहिला.

परतताना मेजर रॉबर्ट गिलची गोष्ट सांगितली. त्यानं 1844 पासून वर्षानुवर्षं या भिंती तैलरंगात उतरवल्या, 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि तिथं लावलेली बहुतेक चित्रं जळाली. तो स्वतः 1879 मध्ये गेला आणि भुसावळला पुरला गेला. भुसावळचं नाव निघताच आजोळ तिकडं असलेली दोन पोरं ताठ बसली.

सराव पेपरला त्या मुलीनं पुन्हा घडवालाच घेतला. या खेपेला आधी रेघ, मग भाराचा पाय, मग घड. माणूस पुढं झुकलाय, डावा हात सुटलाय, बोटं फाकलीत. घड मात्र जरा मोठाच झाला आणि चेहरा त्याच्या आड गेला.

"सर, नाकडोळे काढायला जागाच नाही राहिली."

"राहू दे. रंगाला लाग, वीस मिनिटं उरलीत."