काम बंद आणि काम गेलं

मराठी माध्यमात शिकणाऱ्या मुलाच्या इंग्रजीच्या वहीत ‘शेड’ आणि ‘शॅडो’ या दोन्ही शब्दांपुढे एकच अर्थ लिहिलेला असतो: सावली. ‘वर्क’ आणि ‘जॉब’पुढे काम, ‘रेंट’ आणि ‘फेअर’पुढे भाडं, ‘फिंगर’ आणि ‘टो’पुढे बोट. अर्थ एकही चुकलेला नसतो. तरीही याच वहीवरून वाक्य करताना मुलगा झाडाच्या ‘शॅडो’त बसतो आणि पायाच्या ‘फिंगर’ला ठेच लागते. पाठांतर कमी पडलं म्हणून ही चूक होते, असं समजून त्याला तोच शब्दार्थ दहा वेळा लिहायला लावतात. खरं तर चूक त्या पाठांतरातूनच आलेली असते, कारण दोन शब्दांपुढे एकच अर्थ लिहिला की ते दोन्ही कुठेही चालतील असं वहीच त्याला सांगते. जवळजवळच्या नामांचा हा घोळ शब्दार्थांनी सुटत नाही आणि मराठीला वर्गाबाहेर काढूनही सुटत नाही. मुलाला आधीपासून येणारी मराठी वाक्यं उलगडून दाखवली, तरच तो सुटतो.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. इंग्रजीत दोन शब्द आणि मराठीत एक, म्हणजे मराठी तोकडी, असं अनेकांना मनातून वाटतं. पण फ्रेंच माणूस इंग्रजी शिकायला बसतो तेव्हा तोही याच जागी अडखळतो. फ्रेंचमध्ये ‘ओम्ब्र’ म्हणजे झाडाखालची सावली आणि भिंतीवर पडणारीही. ‘द्वा’ म्हणजे हाताचं बोट; पायाचं बोट सांगायला आपल्यासारखंच ‘पायाचं द्वा’ही म्हणतात. उलट काही ठिकाणी त्याची गाडी अडते आणि आपली अडत नाही. फ्रेंच ‘लिब्रेरी’ म्हणजे पुस्तकांचं दुकान, त्यामुळे इंग्रजी ‘लायब्ररी’ त्याला हमखास चकवते. दादरच्या मुलाला तो प्रश्नच पडत नाही. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय वेगळं आणि पुस्तकांचं दुकान वेगळं, हे त्याच्या भाषेनेच ठरवून दिलेलं असतं. प्रत्येक भाषा जगाची वाटणी आपल्या पद्धतीने करते. आपल्या भाषेची बांधरेषा कुठून जाते आणि समोरच्या भाषेची कुठून, एवढंच शिकणाऱ्याला दिसायला हवं.

ती दिसते कशी, यासाठी एकच शब्द जवळून पाहू. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर दुपारी माणसं झाडांच्या सावलीत बसतात. संध्याकाळी उन्हं कलली की मैदानावर खेळणाऱ्यांच्या सावल्या लांबतात. शब्द एकच, पण वाक्याची चाल बघा. पहिल्या वाक्यात ‘सावलीत’ आहे: आत शिरता येतं, बसता येतं, डबा उघडून जेवता येतं. ती जागा आहे. दुसऱ्या वाक्यात सावली कुणाची तरी आहे, तिला आकार आहे, ती पडते, हलते, लांबते. अनेकवचनही इथे सहज झालं; बसायच्या सावलीला ते सहसा होत नाही. म्हणजे ‘शेड’ आणि ‘शॅडो’ यांतला फरक मराठीत नाही असं नव्हे. इंग्रजीने तो वेगळ्या शब्दात ठेवला, मराठीने विभक्तीत, वचनात आणि क्रियापदात ठेवला. शिक्षकाने फक्त विचारायचं: हिच्यात बसता येईल का? ही कुणाची आहे? उत्तर मुलाच्या तोंडून येतं, कारण ते त्याला आधीच ठाऊक असतं.

‘काम’ या शब्दाचं तर गिरणगावाइतकं चांगलं उदाहरण दुसरीकडे मिळायचं नाही. 18 जानेवारी 1982 रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांचं काम बंद झालं. संप लांबत गेला आणि त्यांतल्या हजारोंचं काम गेलं. ‘काम बंद’मधलं काम म्हणजे ‘वर्क’. ‘काम गेलं’मधलं काम म्हणजे ‘जॉब’. पहिलं पुन्हा सुरू होऊ शकतं, दुसरं हातातून सुटतं. ‘गिरणीत कामाला लागला’, ‘कामावरून काढलं’ हे दुसऱ्या बाजूला. ‘काम पडलंय’, ‘काम अर्धवट राहिलं’ हे पहिल्या बाजूला. भाड्याचंही तसंच. परळच्या चाळीतल्या खोलीचं भाडं महिन्याला ठरतं आणि थकतं. ते ‘रेंट’, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 ज्याच्याबद्दल आहे ते. परळहून गिरगावला टॅक्सीने जाताना मीटरवर होतं ते ‘फेअर’. टॅक्सीवाला ‘भाडं मिळालं’ म्हणतो तेव्हा त्याला प्रवासी मिळालेला असतो. इंग्रजी ‘फेअर’लाही नेमका हा अर्थ आहे. दोन भाषा कुठे फुटतात तसं कुठे जुळतात हेही मुलाला दाखवावं, म्हणजे परक्या भाषेची धास्ती कमी होते.

यावर पहिला आक्षेप असा की भाषा कानावर पडूनच येते. मध्ये मराठी आणली की मूल जन्मभर भाषांतर करत राहतं. ज्या घरात, गल्लीत इंग्रजी दिवसभर बोललं जातं तिथे हे खरं आहे. पण राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं, तरी लालबागच्या मुलाच्या कानावर ते मुख्यतः तासापुरतंच पडतं. आणि मराठीवर बंदी घातली म्हणून ती गप्प बसत नाही. मनातल्या मनात ‘सावली म्हणजे शॅडो’ चालूच राहतं, फक्त शिक्षकाला ते ऐकू येत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: असे प्रश्न सगळीकडे पुरत नाहीत. ‘वर्क’ मोजता येत नाही म्हणावं, तर चित्रकाराची प्रत्येक कृती ‘वर्क’च असते आणि ती मोजतात. हे मान्यच करायला हवं. पण अपवाद कळायला आधी नेहमीची वाट पायाखालची व्हावी लागते. नुसत्या शब्दार्थाने वाटही मिळत नाही आणि अपवादही.

बदल करायचा तो वहीच्या उजव्या रकान्यात. तिथे एकेका शब्दाऐवजी एकेक मराठी वाक्य लिहावं. मोल्सवर्थच्या 1857 च्या मराठी-इंग्रजी कोशात मराठी शब्दांपुढे त्यांचे वाक्प्रयोग दिलेले सापडतात, कारण शब्दाचा अर्थ त्याच्या सोबत्यांवरून उमगतो हे परक्या भाषेत शिरणाऱ्या त्या माणसाला कळलं होतं. ‘काम बंद’ आणि ‘काम गेलं’ यांतला फरक लालबाग-परळच्या घरांत कुणाला समजावून सांगावा लागला नाही. ज्यांनी तो सोसला, त्यांच्या नातवंडांना इंग्रजी शिकवताना सुरुवात तिथूनच व्हावी.