माथेरानच्या स्थानकावरील निधिशोध

माथेरानास आम्ही आजवर सात-आठ वेळां तरी गेलों असूं. परंतु तेथील रेल्वे-स्थानक आम्हीं पाहिलें आहे, असें म्हणण्याचें धाडस आतां होत नाहीं. गाडी थांबली कीं सामान मोजावयाचें, मुलें मोजावयाचीं, हमालाशीं दर ठरवावयाचा आणि चालूं लागावयाचें, हाच आमचा क्रम. गेल्या हिवाळ्यांत मात्र आमच्या बारा वर्षांच्या नातवानें आम्हांस त्याच स्थानकावर अर्धा तास थांबविलें.

नातू अमेरिकेंत वाढलेला. त्यास मराठी समजतें, पण बोलतांना तो अडखळतो. महिनाभर सुटीस आला खरा, परंतु ‘जेवलास का?’ यापुढें आमचें संभाषण सरकत नव्हतें. माथेरानास उतरतांच त्यानें आपला मोबाइल पुढें करून म्हटलें, “आजोबा, इथं जवळ एक पेटी लपवली आहे. आपण शोधूं या?”

या खेळास जिओकॅशिंग म्हणतात. आपण त्यास निधिशोध म्हणूं. त्याची जन्मतिथि निश्चित सांगतां येते. सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे अमेरिकेचे उपग्रह पृथ्वीवरील कोणतेंहि स्थळ दाखवूं शकतात; परंतु सामान्य जनांस मिळणाऱ्या संकेतांत तेथील सरकार पूर्वीं मुद्दाम दोष मिसळीत असे, त्यामुळें शंभर मीटरपर्यंत चूक पडे. मे २००० च्या आरंभीं हा दोष काढण्यांत आला, आणि लगेच ३ मे रोजीं डेव्ह उल्मर या गृहस्थानें ऑरेगॉन राज्यांतील रानांत एक बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. आंत एक वही, पेन्सिल व कांहीं किरकोळ वस्तु होत्या. कांहीं घ्याल तर कांहीं ठेवा, आणि वहींत नोंद करा, एवढीच अट. आज अशा पेट्या जगभर लक्षावधि आहेत.

अक्षांश-रेखांश आम्हीं तीस वर्षें फळ्यावर शिकविले. माथेरान १८ अंश ५९ कला उत्तर, ७३ अंश १६ कला पूर्व, हें आम्हांस तोंडपाठ. परंतु अक्षांशाची एक कला म्हणजे पायांखालची सुमारें १,८५० मीटर वाट, आणि या खेळांत कलेचाहि सहस्रांश, म्हणजे जेमतेम दोन मीटर, हिशेबांत धरतात, हें एका मुलानें आम्हांस चालून दाखविलें.

प्रथम आमचें मन कचरलें. स्थानकावरील बेवारस वस्तूस हात लावूं नका, ही सूचना ऐकण्यांत आमचा जन्म गेला. तसें म्हणतांच नातवानें नियम वाचून दाखविले. रुळांलगत पेटी ठेवावयाची नाहीं. जागेच्या मालकाची अनुमति हवी. जमीन खणावयाची नाहीं. आंत खाद्यपदार्थ नकोत. माथेरानचीं माकडें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांस हा शेवटचा नियम समजावून सांगावयास नको. स्थानकावर फक्त आंकडे गोळा करावयाचे, आणि त्यांवरून दूरच्या पेटीचें स्थान गणितानें काढावयाचें.

पहिला आंकडा, मार्ग सुरू झाल्याचें वर्ष. “१९०७,” आम्ही म्हणालों, आणि मग आम्हांसहि उत्साह आला. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यानें हा मार्ग स्वतःच्या पैशानें बांधिला. रुळांमधील अंतर अवघें दोन फूट. नेरळपासून लांबी सुमारें २१ किलोमीटर. कांहीं ठिकाणीं चढ वीस फुटांस एक फूट. २००५ व २०१९ च्या पावसांत मार्ग जागोजाग उखडला. २००७ व २०२२ मध्यें गाडी पुन्हां धावली. एवढ्याशा रुंदीवर गाडी डोंगर चढते, याचें नातवास मोठें नवल वाटलें. दुसरा आंकडा फलकावरील समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा होता. तो फलक आम्हीं त्या दिवशीं प्रथमच वाचला.

बेरीज-वजाबाकी करून आम्ही झाडींत शिरलों. मोकळ्या आकाशाखालीं मोबाइल पांचेक मीटरपर्यंत बरोबर नेतो. दाट झाडींत तो भांबावतो. तीन वेळां शोधूनहि पेटी सांपडेना. नातवाचा चेहरा उतरला. “राहूं द्या, आजोबा.” इतक्यांत आमच्या ध्यानांत आलें कीं, भोंवतालच्या सर्व जांभ्या दगडांवर वाळलेलें शेवाळ वरच्या अंगास आहे, आणि एकाच दगडाचें मात्र खालच्या अंगास. तो कोणीतरी उलटा ठेविला होता. मागें हाताएवढी पेटी होती.

आंत आमच्यापूर्वीं आलेल्यांच्या नोंदी होत्या. नातवानें आपलें नांव प्रथमच देवनागरींत लिहिलें, आणि खालीं लिहिलें, ‘आजोबानी पेटी शोधलि.’ आमचा हात संवयीनें पेन्सिलीकडे गेला. तो आम्हीं मागें घेतला. खालीं फक्त आमची सही केली, आणि दगड होता तसा ठेविला.

ती जागा आम्ही येथें सांगणार नाहीं. ती ज्याची त्यानें शोधावयाची असते. मात्र ज्यांचीं नातवंडें दूर देशीं वाढत आहेत, त्यांनीं एकदां त्यांच्यामागून अशा शोधास अवश्य निघावें. यंत्र त्यांचें, डोळे आपले. परतीच्या गाडींत नेरळ येईपर्यंत नातू बोलत होता, आणि आम्ही ऐकत होतों.