महत्तम सामाईक विभाजक : पूर्ण संख्या, दशांश अपूर्णांक आणि व्यवहारी अपूर्णांक यांतील एकसूत्रता

प्रस्तावना :

शालेय गणितात महत्तम सामाईक विभाजक, अर्थात मसावि, हा घटक मुख्यतः पूर्ण संख्यांच्या संदर्भात शिकविला जातो. अपूर्णांकांच्या बाबतीत तो 'अंशांचा मसावि भागिले छेदांचा लसावि' या सूत्रापुरता उरतो. सूत्र पाठ होते. परंतु एखादी संख्या अपूर्णांकाची 'विभाजक' कोणत्या अर्थाने ठरते, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. तिन्ही प्रकारच्या संख्यांमागील संकल्पना एकच आहे, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संकल्पनेचा अर्थ :

कोणत्याही अपूर्णांकास शून्येतर अपूर्णांकाने भागता येते. त्यामुळे केवळ 'भाग जाणे' एवढाच निकष ठेवल्यास मसावि या संज्ञेस अर्थ उरत नाही. भागाकार पूर्ण संख्याच यावा, ही अट येथे निर्णायक आहे. म्हणजेच, दोन्ही राशी ज्या मापाने पूर्ण पटींत मोजल्या जातात, अशा मापांपैकी सर्वांत मोठे माप म्हणजे मसावि होय.

पूर्ण संख्या :

१३२ व ८४ या संख्या घेऊ. १३२ ला ८४ ने भागल्यास बाकी ४८ उरते; ८४ ला ४८ ने भागल्यास ३६; ४८ ला ३६ ने भागल्यास १२; आणि ३६ ला १२ ने निःशेष भाग जातो. म्हणून मसावि १२. इ. स. पूर्व ३०० च्या सुमारास युक्लिडने 'एलिमेंट्स'च्या सातव्या खंडात ही रीत संख्यांसाठी, तर दहाव्या खंडात समान माप असणाऱ्या राशींसाठी मांडली. भारतीय परंपरेत आर्यभटाच्या (इ. स. ४९९) कुट्टक रीतीचा पायाही हाच परस्पर भागाकार आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) अशा भागाकारातील अखेरच्या शेषास दोन्ही संख्यांचे 'अपवर्तन' म्हटले आहे.

दशांश अपूर्णांक :

१.२ मीटर व ०.४५ मीटर लांबीच्या दोन पट्ट्यांचे, काहीही न उरता, समान व शक्य तितके मोठे तुकडे करावयाचे आहेत. येथे दशांशचिन्ह बाजूला ठेवून १२ व ४५ यांचा मसावि ३ काढण्याची चूक वारंवार होते. त्यावरून ०.३ हे उत्तर घेतल्यास ०.४५ चे दीड तुकडे होतात, ०.०३ घेतल्यास माप सामाईक असते, पण महत्तम नसते. दोन्ही संख्या समान एककात, म्हणजे शतांशांत, लिहिल्यास १२० व ४५ मिळतात. त्यांचा मसावि १५. म्हणून इष्ट माप ०.१५ मीटर. तुकडे अनुक्रमे ८ व ३ होतात.

व्यवहारी अपूर्णांक :

९/१० व ६/२५ यांचा समान छेद ५० घेतल्यास ४५/५० व १२/५० मिळतात. ४५ व १२ यांचा मसावि ३, म्हणून उत्तर ३/५०. भागाकार १५ व ४ येतात. प्रचलित सूत्राचे कारणही येथेच सापडते. अतिसंक्षिप्त रूपातील अ/ब या अपूर्णांकास, अतिसंक्षिप्त रूपातीलच प/फ ने भागून पूर्ण संख्या मिळण्यासाठी प हा अ चा विभाजक आणि फ हा ब चा विभाज्य असावा लागतो. म्हणून सर्वांत मोठ्या मापाचा अंश हा अंशांचा मसावि आणि छेद हा छेदांचा लसावि ठरतो.

अतिसंक्षिप्त रूपाची अट दुर्लक्षिल्यास सूत्र फसते. २/४ व ३/६ यांवर ते थेट लावल्यास १/१२ मिळते. वस्तुतः दोन्ही अपूर्णांक १/२ च आहेत व त्यांचा मसावि १/२ आहे.

रीतीची व्याप्ती :

परस्पर भागाकारात पूर्णांकी भागाकारच घेतल्यास ती रीत अपूर्णांकांनाही जशीच्या तशी लागू पडते. १.२ मधून ०.४५ दोनदा वजा केल्यास ०.३० उरते, ०.४५ मधून ०.३० वजा केल्यास ०.१५, आणि ०.३० ही ०.१५ ची दुप्पट आहे. मात्र चौरसाची बाजू व कर्ण यांना सामाईक मापच नसते; तेथे ही क्रिया कधीही संपत नाही.

निष्कर्ष :

मसावि हा संख्येच्या लेखनप्रकारावर अवलंबून नसून मापनाच्या संकल्पनेवर आधारलेला आहे. अध्यापनात आधी माप, नंतर समान एकक आणि अखेरीस सूत्र असा क्रम ठेवल्यास तीन स्वतंत्र नियम पाठ करण्याची आवश्यकता राहत नाही आणि उत्तराचा पडताळा विद्यार्थी स्वतः घेऊ शकतो.