तांबड्या समुद्राच्या तळाशीं

सुवेझचा कालवा ता. १७ नोव्हेंबर १८६९ रोजीं खुला झाला. तत्पूर्वीं विलायतेहून मुंबईस येणारे उतारू अलेक्झांड्रियास उतरत, आगगाडीनें सुवेझ गांठीत आणि तेथें दुसऱ्या आगबोटींत बसत. कालवा उघडण्यापूर्वीं अवघे दोन महिने, ता. १२ सप्टेंबर रोजीं, पी. अँड ओ. कंपनीची 'कर्नाटिक' ही आगबोट सुवेझहून मुंबईकडे निघाली. तिच्यावर दोनशेंहून अधिक माणसें, कापसाचे गठ्ठे, तांब्याचे पत्रे, टपाल आणि ४०,००० पौंडांचें सोनें होतें. ती मुंबईस कधींच पोंचली नाहीं. आज देशोदेशींचे पाणबुडे तिला पाहावयास समुद्राच्या तळाशीं जातात. ती कशी बुडाली, आणि तेथवर माणूस कसा जातो व कसा परततो, हें या लेखांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

सुवेझच्या आखाताच्या तोंडाशीं अबू नुहास नांवाचा प्रवाळखडक आहे. त्याचा माथा पाण्याच्या किंचित् खालीं असल्यामुळें रात्रीं तो दिसत नाहीं. ता. १३ च्या उत्तररात्रीं कर्नाटिक त्यावर आदळली. परंतु लगेच बुडाली नाहीं, खडकावर अडकून राहिली. पंप पाणी उपशीत होते, आणि कंपनीची 'सुमात्रा' ही बोट त्याच वाटेनें लौकरच यावयाची होती. जवळच शदवान बेट होतें. उतारूंनीं होड्यांतून तेथें जाण्याची परवानगी मागितली. कप्तान जोन्स यांनीं ती नाकारली. दिवस गेला; रात्रीं नेहमींप्रमाणें जेवणहि वाढण्यांत आलें. पहाटेपूर्वीं पाणी बॉयलरपर्यंत चढलें व पंप बंद पडले. तरीहि होड्या सोडण्याचा हुकूम निघाला तो ता. १४ रोजीं सकाळीं अकराच्या सुमारास. स्त्रिया होडींत बसतात न बसतात, तोंच आगबोट मधोमध मोडली. ३१ माणसें मेलीं. उरलेलीं कशीबशीं शदवानास पोंचलीं, व सुमात्रानें त्यांना उचलून घेतलें. चौकशीअंतीं कप्तानांचा परवाना नऊ महिने तहकूब झाला. समुद्रानें त्यांना सुमारें ३४ तासांची सवड दिली होती. ती कशी खर्च झाली, एवढाच काय तो प्रश्न होता.

कर्नाटिकचा पत्ता आधुनिक पाणबुड्यांस १९८४ सालीं लागला. ती कुशीवर पडली आहे, आणि तिचा सर्वांत खोल भाग सुमारें २७ मीटर पाण्याखालीं आहे. डेकाच्या लांकडी फळ्या कुजून गेल्या; लोखंडी फासळ्या तेवढ्या उभ्या आहेत. त्यांवर मऊ पोंवळीं वाढलीं आहेत, आणि फासळ्यांच्या मधून चकाकणाऱ्या लहान माशांचे थवे फिरतात. ज्या खडकानें आगबोट फोडली, त्याच्याच रहिवाशांनीं तिच्यांत घर केलें आहे. याच खडकावर १९७८ सालीं मसूर वाहून नेणारें, १९८१ सालीं फरशा नेणारें, आणि १९८३ सालीं इमारती लांकूड नेणारें, अशीं आणखी तीन जहाजें फुटलीं.

हीं स्थळें किनाऱ्यापासून दूर असल्यामुळें कित्येक पाणबुडे मिसरांतील हुर्घाडासारख्या बंदरांतून आठवडाभर बोटीवरच मुक्काम करून जातात. निजणें, जेवणें, टाक्यांत हवा भरणें सर्व तेथेंच. दिवसांतून तीन-चार वेळां पाण्यांत उतरावयाचें. प्रत्येक वेळीं उतरण्यापूर्वीं म्होरक्या नकाशा दाखवून वाट, खोली व परतीची वेळ सांगतो. कोणीहि एकटा जात नाहीं, जोडीनें जातात. परतल्यावर शाळेंतल्याप्रमाणें हजेरी होते.

परतीची वेळ आधींच कां ठरवावी लागते? पृष्ठभागावर आपल्या अंगावर हवेचा जेवढा दाब असतो, तेवढाच आणखी पाण्यांत दर १० मीटर खोलीस वाढतो. म्हणून २७ मीटरांवर तो वरच्या ३.७ पट होतो. श्वास घेतां यावा म्हणून टाकींतली हवाहि त्याच दाबानें तोंडांत यावी लागते. ही सोय करणारें यंत्र झाक कूस्तो व एमिल गान्यां यांनीं १९४३ सालीं फ्रान्समध्यें सिद्ध केलें. परंतु दाब वाढला कीं प्रत्येक श्वासाला हवाहि तितकीच अधिक लागते. वर ६० मिनिटें पुरणारी हवा कर्नाटिकच्या तळाशीं सुमारें १६ मिनिटेंच पुरते! भरलेल्या टाकींत साधारणपणें २०० बार दाब असतो. त्यांतले ५० हातचे राखून वर यावें, असा परिपाठ आहे.

घाईनें वर येतांहि येत नाहीं. दाबाखालीं हवेंतील नायट्रोजन रक्तांत मुरतो. सोड्याच्या बाटलीचें बूच एकदम काढलें म्हणजे जसे बुडबुडे उठतात, तसे ते शरीरांत उठून सांधे दुखतात; प्रसंगीं अर्धांग होतें. म्हणून मिनिटाला सुमारें ९ मीटरांहून अधिक वेगानें चढूं नये, ५ मीटरांवर तीन मिनिटें थांबावें, श्वास केव्हांहि रोखूं नये, आणि शेवटच्या बुडीनंतर निदान १८ तास विमानांत बसूं नये. हवा उरली आहे तोंवरच जो निघतो, त्यालाच असें सावकाश येणें परवडतें.

आतां पोंवळ्यांविषयीं. पोंवळें हा दगड नव्हे; तें लहान लहान प्राण्यांनीं बांधलेलें घर आहे. त्या प्राण्यांच्या शरीरांत सूक्ष्म शेवाळ राहतें, आणि सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्यांना पुरवितें. पाणी फार दिवस तापलें तर हें शेवाळ बाहेर टाकलें जातें व पोंवळें पांढरें पडतें. तें तत्काळ मरत नाहीं. पाणी लौकर निवलें तर शेवाळ परत येतें. न निवलें तर उपासमारीनें तें मरतें. एप्रिल १९२४ नव्हे, तर आपल्याच काळांत, एप्रिल २०२४ मध्यें, जगभर असें पांढरें पडणें चालू असल्याचें शास्त्रज्ञांनीं जाहीर केलें. उत्तर तांबड्या समुद्रांतील पोंवळीं उष्णतेस इतरांहून अधिक टिकतात. पण नांगराच्या घावापुढें तींहि टिकत नाहींत. कित्येक भरीव जाती वर्षांतून सेंटीमीटरभरच वाढतात. एका बेसावध लाथेनें मोडलेला तुकडा भरून येण्यास बालकाचा तरुण व्हावा लागतो.

हें केवळ परदेशचें वर्तमान नव्हे. मालवणास सिंधुदुर्ग किल्ल्याभोंवतींच्या पाण्यांतहि पोंवळीं आहेत, आणि तेथें १९८७ सालापासून सागरी अभयारण्य आहे. सुटींत तिकडे जाणाऱ्या मुलांनीं पाण्यांत डोळे भरून पाहावें, हात मात्र लावूं नये. आणि पालकांनीं नांगर कोठें पडतो, याची नावाड्याकडे चौकशी करावी.

कप्तान जोन्स यांचा भरंवसा आपल्या बोटीवर होता. परंतु बोट तर पहिल्याच रात्रीं फुटली होती. पाणबुड्या आपल्या टाकीवरहि तसा भरंवसा ठेवीत नाहीं. घटकेघटकेला तिचा कांटा पाहतो. पांढरें पडलेलें पोंवळें हाहि असाच एक कांटा आहे. तो आपणांस अजून वाचतां येतो, आणि अजून थोडी सवड आहे.